मे महिना संपताना आम्हाला बोलावू नका: मुंबईतल्या सोसायट्यांना झाडं छाटणाऱ्या एका माणसाचं खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या सगळ्या गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २० मे उलटला की माझा फोन दिवसभर वाजत राहतो. बोलणारी माणसं वेगळी असतात, बोलणं एकच असतं. "पाऊस सुरू व्हायच्या आत आमची झाडं जरा उडवून द्या. उद्या येता का? दर काय?" झाड कुठलं आहे, किती मजले उंच आहे, खाली काय आहे, परवानगी काढली आहे की नाही, हे मीच एकेक करून विचारतो. निम्म्या वेळा उत्तर येतं, "ते तुम्ही येऊन बघा हो."

मी गेली २७ वर्षं या शहरात झाडांवर चढतो आहे. आधी ठेकेदाराकडे होतो, आता माझी स्वतःची सहा जणांची टोळी आहे. फोनवर प्रत्येकाला समजावून सांगायला मे महिन्यात वेळ नसतो आणि तेव्हा ऐकून घ्यायला तुम्हालाही सवड नसते. म्हणून एकदा सगळ्यांना मिळून लिहितो आहे.

आमच्या घरात हे काम आजोबांपासूनचं. आम्ही वेंगुर्ल्याकडचे भंडारी. आजोबा माडावर चढून माडी काढायचे, पायात काथ्याचा फास आणि कमरेला कोयती. वडील मुंबईला गिरणीत लागले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली तेव्हा त्यांना हातातलं एकच काम आठवलं. दादर-माहीमच्या सोसायट्यांमधले नारळ उतरवायचे, वाळलेल्या झावळ्या काढायच्या. मी लहानपणी त्यांची दोरी सांभाळायला जायचो. वडील चढायच्या आधी खोडाला हात लावून तो हात कपाळाला लावायचे. मीही लावतो. माझ्या टोळीतली पोरं वडा-पिंपळावर चढताना उदबत्ती लावतात, तेव्हा मी त्यांना घाई करत नाही.

हे पत्र महापालिकेला न लिहिता तुम्हाला का, ते सांगतो. २०१८ साली पुऱ्या झालेल्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्यातली निम्म्याहून जास्त खासगी आवारांत आहेत. रस्त्याच्या कडेची झाडं दोन लाखांच्याही आत आहेत. म्हणजे या शहरातल्या बहुतेक झाडांचं काय करायचं, हे तुमच्या मॅनेजिंग कमिटीच्या बैठकीत ठरतं. रस्त्यावरचं झाड महापालिका छाटते. तुमच्या आवारातलं झाड परवानगी घेऊन तुम्हीच छाटून घ्यायचं असतं. आणि त्या झाडावर कोण चढणार, कसल्या दोरीवर चढणार, कोणत्या दिवशी चढणार, हेही तुमच्याच सहीने ठरतं. सही करताना ते कोणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

आमचा दिवस सकाळी सातला सुरू होतो, तो चढण्याने नव्हे. पहिला अर्धा तास मी झाडाभोवती फिरतो. बऱ्याच सोसायट्यांमध्ये कोणीतरी गॅलरीतून ओरडतं, "अहो, बघत काय बसलात, सुरू करा." तेव्हा मी काय बघत असतो ते ऐका. बुंध्याशी, जमिनीलगत, करड्या-तपकिरी रंगाची, लाकडासारखी कडक आळंबी फुटली आहे का. ती दिसली की खालची मुळं कुजायला लागली असं समजायचं, मग वर पानं कितीही हिरवी असोत. गुलमोहराला हे फार होतं. जमिनीला एका बाजूने भेग पडली आहे का. दोन फांद्या एकमेकींना चिकटून वाढल्यात आणि मधे साल आत दबली आहे का, कारण असा सांधा वाऱ्यात पहिला फाटतो. मग मी लाकडी मोगरीने बुंधा ठोकत जातो. भरीव लाकडाचा आवाज आखूड आणि कोरडा येतो. पोकळ जागेवर मोगरी पडली की आवाज आत उतरतो, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. एकदा एका सोसायटीत मी असा ठोकत असताना शाळेत जाणारी एक मुलगी थांबली, दप्तर खाली ठेवलं आणि खोडाला कान लावून उभी राहिली. "इथे वेगळं वाजतंय," ती म्हणाली. बरोबर तिथेच हातभर खोल ढोली निघाली. ठेकेदाराकडे असतानाच्या १० वर्षांत मोगरी मारायला मला कोणी वेळ दिला नव्हता.

त्यानंतर दोरी वर जाते. मुख्य दोरी जिवंत, जाड फांदीच्या बेचक्यातून. काम करताना आणखी एक आखूड दोर झाडाभोवती. मशीन चालू असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, कारण आपलीच साखळी आपलीच दोरी कापू शकते. चेनसॉला, म्हणजे साखळीच्या करवतीला, आम्ही नुसतं मशीन म्हणतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला की मशीन उसळी मारून थेट तोंडाकडे येतं, हात आवरायच्या आत. जमिनीवर माणूस मागे सरकतो. वर सरकायला जागा नसते.

आता इथे तुमचा संबंध येतो. आवारातल्या झाडांना खिळे ठोकलेले असतात. 'येथे गाडी लावू नये'ची पाटी, गणपतीच्या मांडवाची तार, झोपाळ्याची साखळी, कपडे वाळत घालायची तार. झाड वाढतं आणि ती तार पोटात घेतं. २० वर्षांनी बाहेरून काही दिसत नाही. मुलुंडला एका आंब्याच्या फांदीत माझी साखळी अशा तारेवर बसली, तिचे दात उडाले आणि मशीन माझ्या उजव्या खांद्यावरून मागे गेलं. हेल्मेटवर चरा पडला, तो अजून आहे. ती तार कोणी कधी बांधली हे त्या इमारतीत कोणाला आठवत नव्हतं. झाडाला पाटी लावायचीच असेल तर दोरीने सैल बांधा आणि दरवर्षी सोडून पुन्हा बांधा. वटपौर्णिमेच्या सुताने ना झाडाला काही होतं ना आम्हाला.

तारांचंही तसंच. केबल टीव्हीच्या, इंटरनेटच्या, आवारातल्या दिव्यांच्या, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ओढलेल्या. यातली कुठली जिवंत आहे हे वर बसलेल्या माणसाला कळत नाही. आम्ही सगळ्यांना जिवंतच धरतो. इलेक्ट्रिशियनला त्या दिवशी हजर ठेवून आवारातला पुरवठा बंद करा असं मी लिहून देतो, तरी दहातल्या सात ठिकाणी वॉचमनला मेन स्विच कुठे आहे तेही माहीत नसतं.

फांदी कापणं म्हणजे काय, तेही थोडं सांगतो, कारण 'उडवून द्या' या शब्दांत ते मावत नाही. एक फूट जाडीची आणि दहा फूट लांबीची ओली फांदी दोनशे किलोच्या आसपास भरते. ती वरून एकदम कापली तर अर्धी कापून होते न होते तोच स्वतःच्या वजनाने वाकते आणि खोडाची साल हातभर सोलत खाली येते. म्हणून तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, थोडाच. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून. फांदी तिथे सुटते आणि दोरीला लावलेली असेल तर कप्पीवरून हळूहळू खाली जाते. उरलेला ठोंब हलका झालेला असतो, तो तिसऱ्या कापाने काढायचा. हा तिसरा काप सगळ्यात महत्त्वाचा. फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखा फुगीर भाग असतो, त्याला आम्ही कॉलर म्हणतो. काप कॉलरच्या बाहेर घ्यायचा, कॉलरला धक्का लावायचा नाही आणि ठोंबही ठेवायचा नाही. अमेरिकेतले वृक्षरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंत घालतं, कूज अडवतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. ती भिंत घालायची सोय कॉलरमध्ये असते. कॉलर कापली की दार उघडं राहिलं.

या प्रत्येक कापाआधी वरून हाक जाते, "खाली मोकळं?" आणि खालून उत्तर आलं पाहिजे, "मोकळं!" उत्तर आलं नाही तर मशीन हलत नाही. आम्ही दोरी बांधून रस्ता अडवतो तेव्हा "दोन मिनिटांत जातो" म्हणत दोरीखालून वाकून जाणारे सभासद प्रत्येक इमारतीत असतात. वरच्या माणसाला पानांमधून तुमचं डोकं दिसत नाही.

आता भाऊबद्दल लिहितो. त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही, आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणायचो. तेव्हा मी ठेकेदाराकडे होतो. पश्चिम उपनगरातली सोसायटी, आवाराच्या मधोमध मोठा पर्जन्यवृक्ष. सोसायटीने अर्ज उशिरा केला, परवानगी उशिरा आली आणि आम्ही पोचलो तेव्हा जून लागला होता. आदल्या रात्री पहिली सर पडून गेली होती. पर्जन्यवृक्षाची साल खडबडीत असते, तिच्या खाचांत वर्षभराची धूळ भरलेली असते. ती ओली झाली की पाय साबणावर ठेवल्यासारखा सरकतो. मी म्हणालो, "आज नको, उन्हं पडू देत." पण मी ते हळू आवाजात म्हणालो. कमिटीचे एक गृहस्थ म्हणाले, आज झालं नाही तर दुसऱ्याला बोलावू. ठेकेदाराने भाऊकडे बघितलं आणि भाऊ चढला.

त्याच्या कमरेला बांधकामावर मिळतो तसला पट्टा होता आणि एकच दोर. फांदी कापली, ती सुटली आणि तिचं टोक केबलच्या जुडग्यात अडकलं. खाली येण्याऐवजी ती घड्याळाच्या लंबकासारखी वळून आत आली आणि भाऊच्या पाठीत बसली. तो पट्ट्यावर लोंबकळत राहिला, डोकं खाली झुकलेलं. वर जाऊ शकणारा मी होतो, पण चढायचं सामान एकच होतं आणि ते भाऊच्या अंगावर होतं. अग्निशमन दलाची गाडी लवकर आली. गेटपासून झाडापर्यंत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या, त्यामुळे ती आत येऊ शकली नाही. गाड्यांचे मालक ऑफिसला गेले होते. जवानांनी शिडी हाताने आणली. भाऊला जमिनीवर टेकवायला चाळीस मिनिटं गेली.

कमरेच्या पट्ट्यावर माणूस निपचित लटकला की पट्टा पोटात रुततो, श्वास लागतो. खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस असला तरी हालचाल नसेल तर रक्त पायांत साचत जातं, आणि थोड्या वेळात ते जिवावर बेतू शकतं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की त्याचे हात हलत नाहीत.

भाऊ वाचला. पाठीच्या कण्याला मार होता. आज तो गावी असतो, आधाराशिवाय उभा राहू शकत नाही. दवाखान्याचं पहिलं बिल ठेकेदाराने भरलं, पुढची त्याच्या बायकोने दागिने विकून भरली. विमा नव्हता. सोसायटीचं म्हणणं पडलं की माणूस ठेकेदाराचा होता. कागदावर ते खरं होतं. आणि ज्या फांदीसाठी तो चढला होता, ती वाळलेली नव्हती, किडलेली नव्हती. तिच्यावरून एका सभासदाच्या गाडीवर पानं पडत होती.

मी कोणावर राग धरून हे लिहीत नाही. त्या कमिटीतली माणसं वाईट नव्हती. त्यांना वादळाची भीती वाटत होती आणि ती खोटी नव्हती. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या, हे सगळ्या मुंबईने पाहिलं. अशी बातमी वाचली की सेक्रेटरी म्हणून सही करणाऱ्या माणसाची झोप उडते, हे मी समजू शकतो. पण ती भीती मेच्या शेवटच्या आठवड्यातच का जागी होते? तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेलं. ज्यांनी २५ मेला छाटणी ठरवली होती, त्यांची झाडं तोवर आडवी झाली होती. ५ ऑगस्ट २०२० ला कुठलंही चक्रीवादळ नसताना कुलाब्याला वाऱ्याने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला.

आणि मेच्या अखेरीस केलेली छाटणी झाडालाही मारक ठरते. ताजा काप घेऊन झाड थेट पावसात उभं राहतं. बुरशीचे बीजाणू तेव्हाच हवेत असतात आणि झाडाला भिंत घालायला सवड मिळालेली नसते. कावळ्यांची घरटी मे-जूनमध्येच भरलेली असतात, कधी त्यात कोकिळेचं अंडंही असतं. घरटं असलेली फांदी आम्ही सोडून देतो आणि मग बिल देताना ऐकून घेतो की काम अर्धवट केलं. पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या मानेवर उतरतात तेव्हा दोन्ही हात मशीनवर असतात. आग्या मोहोळाचं तर बोलायलाच नको. त्या झाडावर आम्ही चढतच नाही. दसऱ्यापासून हाताशी वेळ असला तर यातलं बरंचसं टळतं. मोहोळ उठून जायची वाट बघता येते, परवानगीच्या फेऱ्या शांतपणे होतात, पाऊस पडला तर काम पुढच्या सोमवारवर ढकलता येतं. भाऊला तो सोमवार मिळाला असता.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या धंद्याबाहेर फारशी कोणाला माहीत नसते. वाळकी फांदी ओळखायची वेळ पावसाळ्यात असते. गुलमोहर फाल्गुन-चैत्रात जवळजवळ निष्पर्ण होतो. तेव्हा मेलेली आणि जिवंत फांदी खालून सारखीच दिसते. श्रावणात सगळं झाड गच्च हिरवं असताना मेलेली फांदी काळी, उघडी, नुसत्या डोळ्यांनी कळते. मे महिन्यात तुम्ही आम्हाला बोट दाखवून जी फांदी कापायला सांगता, ती पुष्कळदा जिवंत असते आणि मेलेली वर तशीच राहून जाते.

'मुंडण करा' हा शब्दही आता तुमच्या बोलण्यातून जाऊ द्या. सगळ्या फांद्या मध्येच छाटून नुसता खांब ठेवला की झाड सुरक्षित झालं असं वाटतं. चार महिन्यांत त्या ठोंबांवर झाडूसारखे धुमारे फुटतात. ते आतल्या लाकडात रुजलेले नसतात, नुसते सालीलगत चिकटलेले असतात. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि नेमके तेच वादळात तुटतात. खालचा ठोंब तोवर कुजलेला असतो, म्हणजे पुढच्या वेळी आमच्या माणसाने दोरी बांधायची ती कुजक्या लाकडाला. झाडाच्या एकूण पानोऱ्यातला चौथा हिस्सा हा एका वेळचा शेवट समजा, म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी. माडाची गोष्ट तर वेगळीच आहे. त्याचा कोंब एकच असतो, तो गेला की माड गेला. आंब्या-फणसासारखं त्याचं खोड दरवर्षी नवं लाकूड धरत नाही, त्यामुळे त्याला पाडलेली खाच आयुष्यभर तशीच राहते. काट्यांचे बूट घालून माडावर चढणारा माणूस आला तर त्याला परत पाठवा. शेंड्यात गेंड्या भुंगा किंवा सोंड्या भुंगा लागला आहे का हे वर जाऊन बघणारा माणूस शोधा.

परवानगीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा आहे. त्यात झाड तोडणं याचा अर्थ बुंध्यातून पाडणं एवढाच नाही. जाळणं, कापणं, कुठल्याही तऱ्हेने इजा करणं हे सगळं त्यात येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानतात. तुमच्या इमारतीपेक्षा जुनी असलेली किती झाडं आवारात आहेत ते एकदा मोजा. "परवानगीचं बघून घेऊ, तुम्ही कापा" असं जो म्हणतो, त्याचं काम मी घेत नाही, कारण पोलीस आले की खाली उभा असलेला माणूस मी असतो.

झाड पडण्याची अर्धी कारणं तर छाटणीशी संबंधितच नसतात. ती तुमच्या पेव्हर ब्लॉकखाली असतात. तौक्तेनंतर मी आठवडाभर पडलेली झाडं कापत होतो. उताणी पडलेली मुळं बघितली तर बऱ्याच ठिकाणी ती नुसती थाळीसारखी पसरलेली, खोल गेलेलीच नाहीत, आणि एका बाजूला सरळ रेषेत तोडलेली. तिथून कधीतरी ड्रेनेजची किंवा गॅसची लाइन टाकलेली. झाड पडलं ते तोडलेल्या मुळांच्या उलट बाजूला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता की बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढून जागा मोकळी करा. मुंबईतल्या तुमच्या आवारात ते करायला कुठल्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. बुंध्याला लगटून बांधलेला टाइल्सचा ओटा फोडा, माती उघडी करा. बसायला बाक ठेवा. खोदकाम करायचंच असेल तर आधी झाडवाल्याला विचारा, मला नाही तर दुसऱ्या कोणाला.

आता दराचं बोलतो. तुम्ही तीन कोटेशन मागवता आणि सगळ्यात कमी आकडा निवडता. सोसायटीचा पैसा आहे, हिशोब द्यावा लागतो, हे मला मान्य आहे. पण रंगकामात कमी दर म्हणजे पातळ रंग, आणि आमच्यात कमी दर म्हणजे कमी दोरी. नागदेवी स्ट्रीटला गेलात तर बांधकामाचा पट्टा आणि झाडावर चढायचा पूर्ण हार्नेस यांच्या किमतीत किती फरक आहे ते दुकानदार सांगेल. कोटेशन उघडताना आकड्याच्या आधी तीन गोष्टी विचारा. माणसांची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामावर अपघात झाला तर कामगाराला भरपाई देणारा विमा, आहे का, असेल तर तिची प्रत कुठे आहे आणि तिच्यात उंचीवरचं काम धरलं आहे का. चढणाऱ्याच्या अंगावर काय असेल, ते आधी आणून दाखवा म्हणा. आणि वर अडकला तर त्याला खाली कोण आणणार? तिसऱ्या प्रश्नाला जो ठेकेदार थांबून विचार करतो, त्याला काम देऊ नका, मग तो मी असलो तरी.

यंदा श्रावणात एक काम कराल? एखाद्या उघाडीच्या सकाळी गच्चीवर जा. झाडाचा शेंडा तुम्हाला गच्चीतून जसा दिसतो तसा आम्हाला खालून कधीच दिसत नाही. जिथे पानं नाहीत अशा फांद्यांचे फोनवर फोटो काढा, कुठल्या झाडाच्या त्या लिहून ठेवा. दसऱ्याला आम्हाला बोलवा, फोटो दाखवा. अर्ज तेव्हा करा. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, आम्ही चढू. आणि आदल्या रात्री झाडाखालच्याच नव्हे, गेटपासून झाडापर्यंतच्या सगळ्या गाड्या हलवून ठेवा.

भाऊच्या अपघातानंतर मी वेगळा झालो. पहिल्या कामाच्या पैशातून एक हार्नेस घेतला, दुसऱ्या कामाच्या पैशातून दुसरा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामावर एक माणूस पूर्ण सामान अंगावर चढवून झाडाखाली बसलेला असतो. तो फांद्या उचलत नाही, टेम्पो भरत नाही, चहा आणायलाही जात नाही. दिवसभर मान वर करून वरच्या माणसाकडे बघतो. माझ्या कोटेशनमध्ये त्याची हजेरी वेगळी लिहिलेली असते, आणि जवळजवळ प्रत्येक कमिटी पेन घेऊन पहिली तीच ओळ खोडते. "हा तर नुसता बसून असतो," असं मला सांगतात. यंदा ती ओळ तेवढी खोडू नका.

आपला नम्र,
झाडं छाटणारा एक कामगार
गोरेगाव, मुंबई